चिलखतनानांचं हेल्मेट

जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना तो वेगळा सांगायला नको. दुपारी बाराला गाडी बाहेर काढायची तर माणूस डोक्याला ओला पंचा गुंडाळतो, शर्टाची वरची दोन बटणं सोडतो आणि मिळेल त्या झाडाखाली थांबत थांबत जातो. आमचे नाना त्याच उन्हात गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जाड जाकीट, हातमोजे, गुडघ्यांवर काळ्या खापऱ्या आणि डोक्यात तोंड झाकणारं हेल्मेट अशा थाटात निघायचे. गाडीचा वेग म्हणाल तर चाळीस. धरणगावच्या एका गल्लीत पोरं त्यांच्यामागे पळायची. ‘चिलखतनाना’ हे नाव मात्र पोरांनी ठेवलेलं नाही. ते मी ठेवलं, आणि वर्षभरात साऱ्या ऑफिसच्या तोंडी बसवलं.

आम्ही दोघं ठिबकच्या एका कंपनीत कामाला होतो. शेतात नळ्या तुंबल्या, फिल्टर गळायला लागला, कुठे जोड निसटला की शेतकऱ्याचा फोन यायचा आणि आम्ही दोन गाड्यांवर निघायचो. कधी सावद्याच्या केळीत, कधी धरणगावच्या कपाशीत. नाना धुळ्याकडच्या एका खेड्यातले, वयाने पन्नाशी ओलांडलेले. साहेबांशी पुस्तकी मराठी बोलायचे, बाकी सगळ्यांशी अहिराणी. मी उन्हावरून डिवचलं की म्हणायचे, “घाम पुसता येस भाऊ. कातडं इकत भेटत नही.” आणि डावी बाही वर करून दाखवायचे. तरुणपणी पाल गावाच्या रस्त्यावर ते नुसत्या बनियनवर घसरले होते. मनगटापासून कोपरापर्यंतची ती चकाकती, बिनकेसांची कातडी मी इतक्यांदा पाहिली होती की पुढेपुढे बाही वर जायच्या आतच मी हात जोडायचो.

ते जाकीट दुकानातलं नव्हतं. सीट कव्हर शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी ते ताडपत्रीसारख्या जाड कापडाचं शिवून घेतलं होतं. कोपर, खांदे, गुडघे यांच्या खापऱ्या त्यांनी घरी केल्या होत्या. आमच्याच कामातल्या काळ्या पाइपचा तुकडा उभा चिरायचा, शेगडीवर धरून मऊ करायचा आणि फडकं गुंडाळलेल्या कोपरावर दाबून निवेपर्यंत बसून राहायचं. आतून सीटचा फोम चिकटवायचा. माझ्यासाठीही त्यांनी एक जोडी केली होती. त्यासाठी माझा हात धरून अर्धा तास मला शेगडीशेजारी बसवलं होतं. मी ती जोडी घरी नेली, आईने त्यातली एक ज्वारीच्या डब्यात माप म्हणून टाकली, आणि हा किस्सा मी ऑफिसात रंगवून सांगितला. नानाही हसले होते.

हेल्मेट मात्र विकतचं, चांगल्यापैकी. त्याचे लाड काही विचारू नका. आम्ही बाकीचे लोक हेल्मेट कोपरात अडकवून फिरायचो. चौफुलीवर पोलीस दिसला की डोक्यात, चौफुली ओलांडली की परत कोपरात. नाना हेल्मेट आरशाला टांगायचे नाहीत, सीटवर ठेवायचे नाहीत. शेतकऱ्याच्या घरी गेले की ते आत न्यायचे आणि खाली जमिनीवर आपल्या मांडीशी ठेवायचे, म्हणजे पडायची भीतीच नको. एकदा सावद्याला एका घरी आम्ही बाहेर ओट्यावरच बसलो होतो, तर लहान मुलाच्या धक्क्याने ते खाली दगडावर आपटलं. वरून बघायला गेलं तर साधा ओरखडा. नानांनी खिशातला नळ्या कापायचा चाकू काढला, हेल्मेटचा पट्टा सर्रकन कापला आणि ते तिथेच उकिरड्यावर टाकलं. मी म्हणालो, मला द्यायचं होतं. ते म्हणाले, “हेल्मेट एकच दाव मरस. मरेल हेल्मेट डोकावर ठेवानं नही.” म्हणजे एक जोराचा दणका बसला की ते कामातून गेलं. पट्टा कापायचा तो एवढ्यासाठी, की कुणी उचलून नेलं तरी घालू नये.

हे वाक्य मी ऐकलं होतं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्या जानेवारीत धुळ्याला माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. आई आदल्या दिवशी बसने गेली, मी सकाळी गाडीवर निघणार होतो. नानांनी दोन दिवसांची रजा टाकली होती, त्यांना गाडी काढायची नव्हती. ते आदल्या संध्याकाळी माझ्या घरी आले आणि जाकीट, हातमोजे, खापऱ्या, हेल्मेट असा सगळा संसार खाटेवर मांडला. महामार्गाचं काम चालू आहे, जागोजागी रस्ता वळवलाय, खडी पसरलीय, तेव्हा हे घालून जायचं. त्यांची एकच अट होती. “हेल्मेटमा फोन खोचानं नही. बठ्ठा नियम सोड, पन हाऊ सोडू नको.” मी हो म्हणालो. सकाळी चौफुली ओलांडल्यावर सगळं काढून पिशवीत भरायचं मी ठरवलं होतं. काढलं नाही ते शहाणपणामुळे नव्हे. थंडी कडाक्याची होती आणि जाकीट ऊबदार होतं.

पारोळ्याच्या पुढे आईचा फोन आला. मी तो हेल्मेटच्या फटीत खोचला आणि कुठवर आलोय ते सांगू लागलो. बोलता बोलता फोन घसरला, मी तो सावरायला हात नेला, आणि पुढे कापसाने शिगोशीग भरलेली गाडी वळणावर थांबली होती. ब्रेक दाबला तशी खडीवर गाडी सुटली. मी उजव्या कोपरावर आणि पाठीवर घसरत गेलो आणि शेवटी डोक्याची मागची बाजू रस्त्याकडेच्या दगडावर आदळली. आवाज हेल्मेटच्या आत केवढा मोठा येतो ते तेव्हा कळलं. मग मी उठून उभा राहिलो. कापसाच्या गाडीवरचे लोक धावत आले आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. मनगट थोडं मुरगळलं होतं, बाकी काही नाही. कोपराची खापरी अर्ध्या जाडीपर्यंत झिजली होती. तिच्या जागी माझं हाड असतं. मी रस्त्याकडेला बसलो आणि मला रडू आलं.

हेल्मेटला मागे, खालच्या कडेपासून वर गेलेला, बोटभर लांबीचा बारीक तडा होता.

खरं सांगायला काय लागलं असतं? नाना, पडलो, तुमच्यामुळे वाचलो, हेल्मेट मेलं. एवढंच. पण मग फोनचं सांगावं लागलं असतं. ज्या माणसाची मी वर्षभर टर उडवली त्याच्यासमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं असतं, आणि ऑफिसात माझाच किस्सा झाला असता. मी परत आलो तो थेट नंबरप्लेटवाल्याकडे गेलो आणि त्याच्याकडून तड्यावर रेडियमची लाल-पिवळी पट्टी लावून घेतली. पट्टी झकास बसली. तडा कुणाच्या बापाला दिसला नसता.

जाकिटाची घासलेली बाही लपण्यासारखी नव्हती. म्हणून नानांना सांगितलं, पेट्रोल पंपावर गाडी कलंडली, जाकीट भिंतीला घासलं. त्यांनी बाही पाहिली, झिजलेली खापरी अंगठ्याने चाचपली आणि विचारलं, “हेल्मेटले काही व्हयनं नही ना?”

मी म्हणालो, “नाही.”

त्यांनी मान डोलावली. परत विचारलं नाही, पट्टी उचकटून पाहिली नाही. उलट ती पट्टी त्यांना इतकी आवडली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्याला अंधारात दिसावं म्हणून मी स्वतःहून लावून आणली, असंच मी सांगितलं होतं. “हाई मना भाऊनी लाई दिधं,” असं माझ्याकडे बोट करून म्हणत ते ती पट्टी शेतकऱ्यांना दाखवायचे, साहेबांना दाखवायचे. वर्षभराच्या टिंगलीनंतर अखेर आपलं म्हणणं मला पटलं, असं त्यांना वाटत होतं. आणि मला ते खरोखरच पटलं होतं, तीच तर पंचाईत. ज्वारीच्या डब्यातली खापरी मी काढून धुतली आणि कोपराला बांधू लागलो. स्वतःचं नवं हेल्मेट घेतलं. नानांच्या मागून गाडी चालवताना माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर ती पट्टी असायची. आज सांगू, उद्या सांगू, असे आठ महिने गेले.

पोळ्यानंतरच्या एका संध्याकाळी नाना सावद्याहून एकटेच परत येत होते. मी त्या दिवशी ऑफिसात होतो. केळीच्या गाड्या भरून झाल्यावर पानं रस्त्यावरच पडून राहतात, आणि पावसाने भिजलेल्या केळीच्या पानावर चाक गेलं की चाळीसचा वेगही जास्तच असतो. गाडी पुढे गेली, नाना मागे पडले, डोकं मागून आपटलं. हेल्मेट बरोबर पट्टीच्या रेघेत फाटलं. त्यांच्या मागे एक ट्रक होता. त्या ट्रकवाल्याने पोलिसांना आणि नंतर आम्हालाही सांगितलं, की अंधारून आलं होतं, त्याला आधी ती पट्टीच चमकलेली दिसली आणि म्हणून त्याने वेळेवर ब्रेक दाबला.

दवाखान्यात सगळे मला शाबासकी देत होते. नानांच्या भावाने माझे हात हातात घेतले. मी डॉक्टरांना बाजूला गाठून विचारलं, हेल्मेट आधीच तडकलेलं असेल तर? ते म्हणाले, हेल्मेट होतं म्हणून पेशंट जिवंत आहे, बाकी कुणाला काय सांगता येणार? नानांचा डावा कान कायमचा गेला. उभं राहिलं की भोवळ यायची, त्यामुळे गाडी सुटली आणि तिच्यापाठोपाठ नोकरीही. ते आणि अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, गावी राहायला गेले. नवं हेल्मेट असतं तर तो कान राहिला असता का, हे मला आजही माहीत नाही. पण हा प्रश्न पडायची वेळ मी आणली, हे पक्कं माहीत आहे.

दसऱ्याला मी त्यांच्या गावी गेलो. ओसरीत अवजारांची पूजा मांडली होती. पाने-पक्कड, करवत, नळ्या कापायचा चाकू, आणि मधोमध पाटावर ते फाटलेलं हेल्मेट, झेंडूची माळ घातलेलं. आयुष्यात पहिल्यांदाच नानांनी मेलेलं हेल्मेट टाकून दिलं नव्हतं. त्याने जीव वाचवला म्हणून ठेवलं, असं अक्का म्हणाल्या आणि माझ्या हाती हळदीकुंकवाची वाटी दिली. मी बोट बुडवलं आणि त्या पट्टीवर टेकवलं. याहून नीच काम मी केलेलं नाही.

मग मी नानांशेजारी बसलो आणि सगळं बोलून टाकलं. खाली बघून, हळू आवाजात, एका दमात. बोलून झाल्यावर वर पाहिलं तर ते माझ्याकडे प्रेमाने बघत होते. “इकडे ये. त्या कानमा बठ्ठं सामसूम शे,” ते म्हणाले आणि उजव्या बाजूची चटई सरकवली. मी डाव्या बाजूला बसलो होतो. चुकून बसलो होतो का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. मी उठून उजवीकडे गेलो आणि म्हणालो, कपाशी कशी आहे विचारत होतो.

दिवाळीनंतर मी परत गेलो. या वेळी गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि कुणी काही बोलायच्या आत नानांच्या उजवीकडे जाऊन बसलो. अक्का समोर सुपात दाणे निवडत होत्या.

“तडा आधीचा होता, नाना. जानेवारीत मी पडलो होतो. फोन खोचला होता. ती पट्टी मी तडा झाकायला लावली.”

अक्कांचा हात थांबला. त्या सूप तिथेच ठेवून आत गेल्या आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. आजही मी गेलो की त्या आतच असतात. मी त्यांना दोष देत नाही.

नाना उठले. भिंतीला धरत धरत खुंटीपाशी गेले, तिथे टांगलेलं ते फाटलेलं हेल्मेट काढलं आणि परत येऊन बसले. वाळलेली माळ बाजूला केली. नखाने पट्टीचं एक टोक उचकटलं आणि ती हळूहळू सोलून काढली. खाली दोन तडे एकमेकांना लागून होते. वरचा पांढरा, ताजा. खालचा बोटभर, धुळीने काळा पडलेला. त्या काळ्या रेघेवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. मग खिडकीतला चाकू मागितला. मी दिला. त्यांनी पट्टा कापला, पण पूर्वीसारखा सर्रकन नाही. वेळ लागला.

“हाई तवयच कराले पाहिजे व्हतं,” ते म्हणाले.

मी हो म्हणालो. आता ते रागावतील, जा म्हणतील, निदान फोन खोचल्याबद्दल तरी बोलतील, म्हणून मी वाट बघत बसलो. त्यांनी कापलेला पट्टा गुंडाळून हेल्मेटच्या आत ठेवला. मग त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली.

“तुले लागनं नही ना तवय?”

मी म्हणालो, “नाही.”

त्यांनी मान डोलावली. जानेवारीत हेल्मेटचं विचारल्यावर डोलावली होती, अगदी तशीच.