निळ्या दाराच्या घराची चौकशी

दीड वर्षापूर्वी डेंग्यू होऊन मी आठवडाभर दवाखान्यात पडले होते. परत आले तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या देशपांड्यांनी विचारलं, "काय, गावाला गेला होतात का?" अकरा वर्षांचा शेजार. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं आणि मी नवऱ्याला सांगून टाकलं, की आपण पुणं सोडून एखाद्या जुन्या वळणाच्या छोट्या गावात राहायला जायचं.

सुधीरने वर्षभर टोलवाटोलवी केली. शेवटी निवृत्तीनंतरच्या पहिल्या जानेवारीत तो म्हणाला, "तीन दिवस, एकदाच जाऊ. सातारा-सांगली बघू. गाव मिळालं तर मिळालं, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही." त्याला खात्री होती की मिळणार नाही. मी गाडीत जास्तीची उशी टाकली.

दिवे घाट, जेजुरी, लोणंद करत फलटणला पोचलो. रस्ता चांगला, पण साखर कारखान्यांचे दिवस. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे आला की घाई विसरायची आणि त्याची गाणी ऐकायची. फलटणची जुनी देवळं मला आवडली. चहाच्या टपरीवर मी विचारलं, "इथं जुनी, शांत गल्ली कुठली?"

चहावाल्याने मला आपादमस्तक पाहिलं. "जुनं कशापायी? आमच्या गल्लीतलं जुनं समदं पाडलं. आता लिफ्ट हाय. चला, बसवून आणतो."

आम्ही खरोखरच लिफ्टमध्ये बसून आलो. सुधीर दिवसभर खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी दहिवडी, विटा करत कृष्णाकाठी भिलवडीला गेलो. वाटेत भडंग घ्या, आणि उघडा ठेवू नका, विट्याच्या पुढे पुरत नाही. भिलवडीत एका जैन शेतकरी आजोबांच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. नदीचा वारा, खाली मोगरा, आणि आजोबा इतके गोड की मी मनात पडदे लावून मोकळी झाले. त्यांची अट एकच होती, घरात अंडं शिजवायचं नाही. सुधीरचा चेहरा उतरला. मग त्याने पुराचं विचारलं.

"पानी येतंय की," आजोबा शांतपणे म्हणाले. "ह्या कॅलेंडरच्या खिळ्यापातूर आलं हुतं. पर तुमी तर वर ऱ्हानार. तुमाला काय त्याचं?"

कॅलेंडर माझ्या डोक्याच्या वर होतं. बाहेर आल्यावर सुधीर म्हणाला, "मी नको म्हणतोय ते केवळ पुरामुळे, अंड्यामुळे नाही." मी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

आता एकच दिवस उरला होता. कऱ्हाडला मुक्काम करून सकाळी मसूरमार्गे रहिमतपूरला निघालो. मसूरला मिसळ खा, पाव जास्तीचा मागावा लागत नाही.

रहिमतपुरात एका वळणावर ते घर दिसलं. दगडी जोतं, निळं दार, पायरीवर वाळत घातलेली हळकुंडं, आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद. मी सुधीरचा दंड धरला. त्याने न सांगताच गाडी कडेला लावली, तेव्हाच मला कळलं की त्यालाही आवडलंय.

समोर पिठाची गिरणी होती. मी विचारलं, "ते निळ्या दाराचं घर कुणाचं? माणसं कशी आहेत?"

गिरणीवाल्याने चक्क गिरणी बंद केली. भुवयांवरचं पीठ पुसलं, आम्हाला पोत्यावर बसवलं आणि आधी आमचीच माहिती घेतली. नाव, सोसायटी, कितवा मजला, साहेब कुठं नोकरीला होते. मग म्हणाला, "आवं, देवमानसं हायती. कुनाशी भांडण न्हाई. पोरगी तर लय गुनाची."

"दारूबिरू कोणी?" सुधीर.

"छ्या. सुपारी बी न्हाई."

एवढी चांगली माणसं खाली राहणार म्हटल्यावर मी हरखून गेले. दळणाला आलेल्या बाईंनीही मान डोलावली आणि दळण तिथंच टाकून त्या लगबगीने समोर गेल्या.

आम्ही दारात पोचलो तेव्हा पोह्यांना फोडणी पडली होती. घराचे मालक इस्त्रीची टोपी घालून उभे. सतरंजी अंथरलेली. मला भरून आलं. पुण्यात भाड्याचं घर बघायला गेलं तर एजंट पाणीसुद्धा विचारत नाही.

पोहे घेऊन मालकांची मुलगी आली. ट्रे ठेवून ती सरळ म्हणाली, "मी लॅबमध्ये काम करते. पुढंबी नोकरी सोडणार न्हाई."

"अजिबात सोडू नका," सुधीर म्हणाला. "आमची काय हरकत असणार?"

मालक प्रसन्न हसले. मालकीणबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "मुलगा न्हाई आला बरुबर?"

चमचा माझ्या तोंडाजवळच थांबला. "आम्हाला मुलगा नाही हो. एक मुलगी आहे, तिचं लग्न झालंय. आम्ही वरचा मजला भाड्याने मिळेल का बघायला आलोय."

सगळ्यात आधी मुलगी हसली. इतकी, की तिला भिंत धरावी लागली. "लय बरं झालं," ती म्हणाली. "पोहे खावा आता निवांत."

मालकांना मात्र हसू येईना. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वर धान्य हाय. आन् मानसं म्हाईत असल्याबगर आमी कुनाला ठेवत न्हाई." मग त्यांना एकदम आठवलं. "आगं, तुझ्या भावाला फोन लाव. पुन्यात हाय त्यो, मगाशीच त्याला ह्यांच्या चौकशीला जा म्हनलो हुतो."

मालकीणबाईंनी लावला. लागला नाही.

साताऱ्यावरून महामार्गाने परतताना खंबाटकीपर्यंत मी ती जास्तीची उशी मांडीवर घेऊन बसले होते. विषय बंद झाला होता आणि मला रडू येत होतं. सुधीरने बोगद्यात रेडिओही लावला नाही.

घराचं कुलूप काढत होतो, तेवढ्यात देशपांडे बाहेर आले. "दुपारी एक गृहस्थ आले होते, तुमची माहिती काढायला. स्थळाचं असावं. मी अगदी छान सांगितलं. मुलगा सज्जन, निर्व्यसनी, जाता-येता हसून बोलतो."

किल्ली सुधीरच्या हातात तशीच राहिली. आत येऊन त्याने बूटही काढले नाहीत. "त्या गिरणीवाल्याचा नंबर घेतला होतास ना? त्याच्याकडून मालकांचा घे."

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. देशपांड्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "अकरा वर्सं समूर ऱ्हाऊन तुमाला पोरगं न्हाई, हे बी त्यास्नी म्हाईत न्हाई?" मग ते म्हणाले, "पाडव्यापातूर धान्य खाली घेतो. या तुमी."

परवा देशपांड्यांना आम्ही निघाल्याचं सांगितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. "आणि मुलगा? तोही येणार का बरोबर?"

"छे," सुधीर म्हणाला. "तो इथंच राहील. तुम्ही जरा लक्ष ठेवा त्याच्यावर."