लेकीच्या कंपनीची विलायत

विमानतळावर केतकी मला घ्यायला आली ती गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवूनच. मिठी मारली तेव्हा ते कार्ड माझ्या हनुवटीला टोचलं. तीन वर्षांनी भेटत होतो आम्ही मायलेकी. साताऱ्याहून निघताना मी मनाशी ठरवून आले होते, की भेटल्या भेटल्या रडायचं नाही आणि मुंबईचा विषय तिनं काढल्याशिवाय आपण काढायचा नाही. पहिलं काही जमलं नाही. दुसऱ्यासाठी मात्र जीभ आवरून बसले.

मुंबईचं काय ते सांगते. केतकी जिथे काम करते ती गुंतवणूक कंपनी एका छोट्याशा देशाच्या सरकारची आहे. देशाचं नाव लिहीत नाही, पोरीची नोकरी आहे. त्या सरकारनं आपलं बंदर, वीज, टेलिफोन असं सगळं एका कंपनीच्या हाती सोपवलं, फायदा झाला तो परदेशांत गुंतवला, आणि वाढता वाढता ती कंपनी निम्म्या जगात पसरली. मी जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केली. आमच्याकडे ऑफिसातला पंखा बदलायचा म्हणजे उन्हाळा सरायचा. तेव्हा एखादं सरकार दुसऱ्यांच्या देशात पवनचक्क्या विकत घेत फिरतं, हे मला बरेच दिवस खरंच वाटत नव्हतं.

लंडनला रुजू झाली तेव्हा केतकी म्हणाली होती, दोन वर्षांत परत येते. मग कंपनीनं गोदामं घेतली. मग पवनचक्क्या घेतल्या. मग विद्यार्थ्यांची वसतिगृहं. दर खरेदीबरोबर तिचं येणं पुढे जात राहिलं. मधल्या काळात तिचे बाबा गेले, तेव्हा आठ दिवस येऊन गेली, आणि घरात मी एकटी उरले. आता कंपनी मुंबईत ऑफिस उघडणार होती आणि तिथे कुणाला पाठवायचं ते ठरत होतं. हे तिनं फोनवर एकदाच, ओझरतं सांगितलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर मी विलायतेचं तिकीट काढलं.

केतकीचा फ्लॅट लंडनजवळच्या रीडिंगला, स्टेशनजवळ. आजूबाजूला लाल विटांची, एकमेकांना खेटून उभी असलेली घरं, पुढ्यात ओंजळभर बाग आणि बागेपेक्षा मोठे कचऱ्याचे डबे. सकाळी स्टेशनाकडे जी माणसं धावतात त्यात आपली मंडळी इतकी, की पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये एका अनोळखी तरुणानं मला बघून सरळ विचारलं, “काकू, चकली आणलीत का?” पुण्याचा निघाला. दिली बिचाऱ्याला चार.

केतकी सकाळी जायची आणि रात्री आठला यायची. मे महिना असल्यानं तेव्हाही लख्ख उजेड असे, म्हणून मला वाटायचं लवकर आली, आणि घड्याळ बघितलं की कळायचं. मी आमटी-भात करून बसलेली असायची. ती जेवायची, छान झालीय म्हणायची आणि शेजारी उघडलेल्या लॅपटॉपकडे बघायची. सातासमुद्रापलीकडे येऊनही माझी लेक मला भेटलेलीच नव्हती. साताऱ्यात तिची आठवण येते ते ठीक आहे. इथे तिच्या समोर बसून यायला लागली.

आठवडा होत आला तशी ती म्हणाली, “आई, मला कामासाठी लीड्सला जायचंय. चल ना माझ्याबरोबर. गाडीनं जाऊ, वाटेत तरी बोलणं होईल.” मी लगेच दशम्या करायला घेतल्या.

गाडीत ती मला कंपनी दाखवत होती. रीडिंगबाहेरची काचेची इमारत बघून म्हणाली, “हे आमचं.” पुढे एक लांबलचक गोदाम आलं. “हेही आमचं.”

“आणि ती नदी कुणाची गं?” मी विचारलं. “की अजून राहिलीय घ्यायची?”

“आई, प्लीज,” ती म्हणाली, पण हसली. हसली की अगदी तिच्या बाबांसारखी दिसते.

मिल्टन कीन्सला कंपनीच्या गोदामात तिला तासभर काम होतं. हे गाव म्हणजे गोल चौकांचं. एक चौक ओलांडला की तसाच दुसरा. तेवढ्या वेळात मी फिरायला म्हणून रेडवेवर (पायी आणि सायकलीनं जाणाऱ्यांसाठी केलेली लाल वाट) निघाले आणि व्यवस्थित हरवले. कुठेही बघा, तीच झाडी, तोच भुयारी रस्ता. शेवटी कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थांना थांबवलं. त्यांनी विचारलं, गाडी कुठे लावलीय? मी म्हटलं, चालत आलेय. तेव्हा कुठे त्यांना माझी खरी काळजी वाटायला लागली. बिचारे मला पार गोदामाच्या दारापर्यंत सोडून गेले.

तिथून उत्तरेकडे जाताना दोन्ही बाजूंनी तेलबियांची पिवळीधमक शेतं होती. वाटेत गाड्या थांबवायच्या जागी, बाकावर, भणाणत्या वाऱ्यात आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथेच केतकीनं खरं काम सांगितलं. कंपनी आता केअर होम्स (म्हाताऱ्या माणसांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्था) विकत घ्यायच्या विचारात होती.

“डील अजून पब्लिक नाहीये,” ती म्हणाली. “कंपनीकडून आलोय असं सांगितलं की सगळं चकाचक करून दाखवतात. म्हणून आधी फॅमिलीसारखं जायचं. आईसाठी जागा बघतेय, असं.”

“म्हणजे तुला म्हातारी हवी होती.”

“तसं नाही गं, आई.”

“असू दे. मी छान म्हातारी होते,” मी म्हटलं. मला मजाच वाटली. गॅदरिंगच्या नाटकात काम केलेली बाई मी.

लीड्सच्या जरा बाहेर, झाडांमध्ये ती दुमजली इमारत होती. आत शिरताच पॉलिश आणि उकडलेल्या कोबीचा मिळून एक वास आला. दाखवायला आली ती नीना नावाची पस्तिशीची बाई. माझी साडी बघून, आमचं बोलणं ऐकून थबकली.

“तुम्ही मराठी आहे? माझी आजोबा सोलापूरची होते,” ती म्हणाली. “मी इथेच जन्मली. बोलायला कोण नाही, म्हणून माझा मराठी असा झाला. या ना, आँटी.”

तिनं माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. मीही अंगात आल्यासारखी प्रश्न विचारत सुटले. चहा किती वाजता, भात मिळतो का, देव कुठे ठेवायचे. बैठकीच्या खोलीत खिडकीशी बसलेल्या एका गोऱ्या आजींनी शेजारच्या खुर्चीवर थोपटलं आणि मला म्हणाल्या, “राहायला येतेस का, लव्ह?” (इकडे अनोळखी माणसालाही असंच म्हणतात.) मी म्हटलं, बघतेय अजून. त्या म्हणाल्या, “ही खुर्ची घे. इथून गेट दिसतं.”

मग रिकामी खोली दाखवली. पलंग, कपाट, खिडकी, खिडकीत एक मोठं झाड. स्वच्छ, उबदार, नाव ठेवायला जागा नाही. मी पलंगावर बसून बघितलं. माझ्या नाटकाला केतकी हसेल म्हणून मान वर केली, तर ती दाराशी उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं नीनाला हळूच विचारलं, “मुलं परदेशात असली, तर कितीदा येतात?”

नीना म्हणाली, “सुरुवातीला येते. मग फोन करते. मग ख्रिसमसला मोठा बास्केट पाठवते. ती वाईट नाही हां. बिझी असते.”

माझं नाटक तिथेच संपलं. हा प्रश्न कंपनीचा नव्हता, हे तिच्या आवाजावरून मला कळलं.

परतीच्या रस्त्यावर पिवळी शेतं पुन्हा सुरू झाली. मग तीच म्हणाली, “आई, मुंबईचं ऑफिस हेच करणार आहे. अशी होम्स, इंडियात. मुलं बाहेर आणि पेरेंट्स एकटे, अशी घरं आपल्याकडे खूप आहेत ना. पहिलं वाईजवळ करायचं चाललंय. साताऱ्याहून किती जवळ.”

“आणि तू?”

“मी इथून बघणार. मुंबईला दुसरा माणूस जातोय. मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं.” तिचे डोळे रस्त्यावर होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. “माझं सगळं आता इथे आहे गं. तुला कसं सांगू तेच कळत नव्हतं.”

राग आला मला. खोटं कशाला बोलू? इतका राग आला, की उरलेली दशमी खिडकीतून भिरकावावीशी वाटली. मग मी म्हटलं, “म्हणजे तू येणार नाहीस, तुझी कंपनी येणार.” थोड्या वेळानं मी तिच्या मांडीवर हात ठेवला, रडू आवरून तिला गाडी चालवायची होती म्हणून.

उरलेले दिवस चांगले गेले. तिनं रजा काढली. नदीकाठी हिंडलो, तिला पुरणपोळी शिकवली, ती फाटली. निघताना विमानतळावर या खेपेला तिच्या गळ्यात कार्ड नव्हतं. ती लहानपणी शाळेच्या फाटकाशी चिकटायची तशी मला चिकटली, आणि सोडवून घेणं पुन्हा माझ्याच वाट्याला आलं.

साताऱ्याला पोचल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय बघितलंस? मी सांगते, पवनचक्क्या बघितल्या, गोदामं बघितली. माझ्या लेकीला एवढं मोठं काम सांभाळताना बघितलं आणि अभिमानही वाटला, तोही खराच आहे. विलायत मला परकी वाटली नाही. केतकी तिथे रुळलीय हेच तेवढं परकं वाटलं.

आता दर रविवारी तिचा फोन येतो आणि पूर्वीपेक्षा बराच लांबतो. वाईच्या खोल्यांचे आराखडे तिच्याकडेच आहेत, आणि म्हाताऱ्या माणसाला काय काय लागतं ते ती मला विचारते. मी सांगते. न्हाणीत बसायला दगड. ओट्याची उंची कमी. दाराला उंबरा नको. सगळं एका दिवसात सांगून झालं असतं, पण मी पुरवून पुरवून सांगते. संपलं तर फोन आखूड होईल, ही भीती.

परवा सांगण्यासारखं काही सुचेना.

“अजून काय हवं, आई? लिहून घेतेय मी,” ती म्हणाली.

“तू हवीस,” मी म्हटलं.

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली. मग बारीक आवाजात म्हणाली, “हे कसं लिहू, आई?”

“नको लिहूस,” मी म्हटलं. “नुसतं ऐकून ठेव.”