बाईंचा आवाज बसला तेव्हा

कॉलेजात त्यांना सगळे गोगलगाय म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर त्या ‘बाई’च होत्या. शेजारच्या वर्गात नेमलेली कादंबरी पंधरवड्यात उरकली जायची, आणि बाई अजून पहिल्याच प्रकरणात रेंगाळत असायच्या. टेबलाला टेकून उभ्या राहायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि पुस्तक नाकाशी धरून मोठ्याने वाचायच्या. मुद्दे देणं नाही, फळ्यावर एक अक्षर नाही. नुसतं वाचन. मध्येच एखाद्या वाक्यावर थांबून स्वतःशीच हसायच्या आणि पुढे जायच्या.

त्या वर्षीही नेहमीचीच कादंबरी होती, चांगली जाडजूड, पणजोबांच्या काळातली. कापड रंगवणाऱ्या एका घराची गोष्ट. बाप गेल्यावर धाकटा भाऊ जहाजावर नोकरी धरून निघून जातो, थोरली बहीण एकटीच्या जिवावर कारखाना ओढते. म्हातारपणी भाऊ परत येतो, दार वाजवतो, आणि ती दार उघडत नाही. मुलांना एवढं पुरे होतं, कारण गाईडात एवढंच होतं. ‘बहिणीने दार का उघडले नाही?’ हा हमखास येणारा प्रश्न, आणि खाली तयार उत्तर: अहंकार, सूड, एकाकीपणा, समाजाची भीती. चार मुद्दे घोकले की सुटका.

गंमत म्हणजे ही गाईडं विकली जात बाईंच्याच घरच्या दुकानात. कॉलेजच्या फाटकासमोर त्यांच्या नवऱ्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं.

“मी मुलांच्या हातात पुस्तक द्यायला धडपडते आणि तुम्ही समोर बसून गाईडं खपवता!” बाई कुरकुरायच्या.

“अगं, तू इतकं सावकाश शिकवतेस म्हणून तर ती खपतात,” नवरा म्हणायचा. “तुझ्यासारखी जाहिरात मला शोधून मिळाली नसती.”

बाईंना हसू यायचं. खरं तर गाईडावर त्यांचा दातही नव्हता. त्यांनी ते नीट वाचलं होतं. उजळणीला बरं आहे, असं त्यांचं मत होतं. फक्त मुलं न वाचलेल्या पुस्तकाचीच उजळणी करत होती, ते त्यांना सोसवत नव्हतं.

वर्गातली निम्मी मुलं ऐकायची, निम्म्यांच्या मांडीवर गाईड उघडं असायचं. शेवटच्या बाकावर एक दणकट मुलगी बसायची, व्हॉलीबॉलच्या संघातली. मैदानावर तिने हाक मारली तर रस्त्यावरची माणसं वळून बघत, म्हणून तिला भोंगा म्हणत. एकदा तिने उभं राहून सरळ विचारलं, “बाई, शेवट आम्हाला माहीत आहे. ती दार उघडत नाही. मग एवढं सगळं वाचून करायचं काय?”

“सामन्याचा निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात येतोच की,” बाई म्हणाल्या. “मग तू खेळायला कशाला जातेस?”

वर्ग हसला. भोंगा खाली बसली, पण तिला पटलं होतं असं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही.

वर्ष अर्ध्यावर आलं आणि बाईंचा घसा धरला. आधी खरखर, मग घोगरेपणा. साधी सर्दी आहे म्हणत त्या तशाच वाचत राहिल्या. एका सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर पडली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरतंतूंवर गाठ आहे. घाबरण्यासारखी नाही, पण शस्त्रक्रिया करावी लागेल. त्यानंतर काही आठवडे पूर्ण मौन, आणि पुढेही मोठ्याने बोलणं बंद.

शस्त्रक्रिया होऊन घरी आल्यावर नवरा म्हणाला, “लग्नापासून पहिल्यांदाच माझं बोलणं पुरं होतंय बघ.” बोलला चेष्टेत, पण दुकान लवकर बंद करून तिच्यापाशी बसू लागला. बाईंचा जीव मात्र वर्गात अडकलेला. एके दिवशी त्यांनी पुस्तक त्याच्यापुढे धरलं आणि खुणेने सांगितलं, वाचा.

जन्मभर पुस्तकं विकलेला माणूस, पण कादंबरी म्हणून एक वाचलेली नव्हती. दरपत्रक वाचावं तसा तो एका सुरात वाचू लागला. बाईंनी डोळे मिटून ते सोसलं. हळूहळू मात्र तो मध्येच थांबायला लागला. “हा भाऊ अगदीच नालायक आहे गं! बहिणीला साधं विचारलंही नाही?” बाईंना नुसती मान हलवता यायची. एकदा त्यांनी खुणेचं पान उघडून दिलं, तर तो ओशाळून म्हणाला, “अं... त्याच्या पुढचं वाचून झालंय माझं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.”

बाई कामावर रुजू झाल्या तेव्हा प्राचार्यांनी काळजीने बोलावून घेतलं. “बाई, यंदा राहू द्या. परीक्षा तोंडावर आली आहे. मुलांना सांगतो, गाईडावर भागवा.”

वाद घालायला बाईंजवळ आवाज नव्हता. त्यांनी हात जोडले, मान हलवून नकार दिला आणि वर्गाकडे निघाल्या. तिथे त्या थेट शेवटच्या बाकापाशी गेल्या, भोंग्यापुढे पुस्तक ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

“मी?” ती दचकली. “बाई, माझं वाचन म्हणजे नुसता गोंधळ असतो हो!”

बाई तिच्या शेजारीच बसल्या. वर्गाला चेव आला. “वाच, भोंगा, वाच!”

ती वाचू लागली. स्वल्पविराम गिळत, शब्दांना ठेचकाळत. पोरं खिदळत होती, आणि त्यांना गप्प करायला बाईंकडे काही साधन नव्हतं. मग भाऊ जहाजावर चढतो तो प्रसंग आला. धक्क्यावरून बहीण ओरडते, “जा! पण माघारी बघू नकोस!” भोंग्याने ते वाक्य मैदानावरच्या आवाजात फेकलं. खिडकीची तावदानं थरथरली असतील. खिदळणाऱ्या पोरांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं.

बाई थक्क होऊन बसल्या. इतकी वर्षं त्या हे वाक्य रडवेल्या सुरात, हळू वाचत आल्या होत्या. ही बहीण रडत नव्हती. ती संतापली होती. असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या. कोणी तोतरं वाचे, कोणी नाटकी. मांडीवरची गाईडं कधी दप्तरात गेली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. दाराचा प्रसंग मात्र मीच वाचणार, असं भोंग्याने आधीच बजावून ठेवलं होतं. बहीण जिना उतरून येते, कडीवर हात ठेवते आणि तशीच उभी राहते. बाहेर भाऊ विचारतो, “कोणी आहे का?” मग खोकतो. मग त्याची पावलं दूर जातात. आणि ती दार उघडून पायरीवर बसते.

“बाई, ती दार उघडते!” भोंगा ओरडली. “हे गाईडात कुठंय?”

“तो गेल्यावर उघडते. त्याला काय अर्थ?” पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

“अरे, पण स्वतःच्या घरी येऊन ‘कोणी आहे का’ विचारतो! तिला ताई म्हणून हाक मारत नाही! मीसुद्धा नसतं उघडलं.”

मग जे भांडण जुंपलं, ते ऐकून प्राचार्य धावत आले. मुलांनी त्यांनाच पंच केलं. “सर, तुम्ही सांगा, का नाही उघडलं?”

“अहंकार,” सर म्हणाले. “अहंकार, आणि थोडा सूड...”

“सर, तुम्ही गाईड वाचलंय!”

वर्गात हास्याचा स्फोट झाला. सर क्षणभर लालबुंद झाले, मग स्वतःही हसले. जाताना बाईंकडून पुस्तक मागून घेऊन गेले.

परीक्षेत तोच प्रश्न आला. निकाल मात्र गोष्टीत शोभेल असा लागला नाही. चार मुद्दे लिहिणाऱ्यांना भरघोस गुण मिळाले. भोंग्याने पुरवण्या जोडून लिहिलं होतं, तिला बेताचे मिळाले. ती तणतणत दुकानात आली. “काका, मी ‘ताई म्हणून हाक मारली नाही’ हेच लिहिलं होतं. चुकलं माझं?”

“चुकलंच,” नवरा गल्ल्यावरून म्हणाला. “अगं, त्याला लाज वाटत होती. कुठल्या तोंडाने ताई म्हणेल?”

“लाज वाटत होती तर आला कशाला?”

गिऱ्हाइकं ताटकळत उभी, आणि हे दोघे हातवारे करून भांडताहेत. बाई कॉलेजातून येऊन मागे उभ्या होत्या. त्यांना दोघांचंही पटत होतं, आणि कोणालाही ते सांगण्याची त्यांना घाई नव्हती.

नव्या वर्षी प्राचार्य मोठ्या उत्साहाने म्हणाले, “बाई, तुमची पद्धत सगळ्या वर्गांना लावू या. वाचनाला गुणही ठेवू.”

एव्हाना बाईंना कुजबुजण्याइतका आवाज आला होता. “गुण नका ठेवू, सर,” त्या म्हणाल्या. “नाहीतर त्याचंही गाईड निघेल.”

सरांनी ऐकलं. बाईंचा आवाज पुढे कधीच पूर्ववत झाला नाही. फोनवर लोक अजून विचारतात, सर्दी झाली आहे का. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या वर्गात मुलंच वाचत राहिली, आणि बाई दर वर्षी मधल्या एखाद्या बाकावर सरकून जागा करून घेत, पुस्तक मिटून ऐकत बसायच्या.