धुऱ्यापलीकडची सरी

आमचं खालच्या अंगाचं वावर पावसात चिबडतं. पाणी साचून राहतं, सोयाबीन पिवळं पडतं आणि नवरा दरवर्षी त्यावर नवा शोध लावतो. एका वर्षी बी दाट पेरलं. दुसऱ्या वर्षी पेरणी आडवी केली. त्याच्या पुढल्या वर्षी भर पावसात कुदळ घेऊन चर खणत बसला आणि तापानं अंथरुणाला खिळला. धुऱ्याच्या, म्हणजे आमच्यातल्या बांधाच्या पलीकडे, त्याच काळ्या मातीत, चुलत दिराचं सोयाबीन कमरेला लागत होतं. तो चार ओळी पेरायचा आणि एक खोल सरी सोडायचा. पाणी सरीतून निघून जायचं. एवढंच! डोळे असलेल्या कुणालाही दिसेल एवढंच.

"अहो, त्यायले विचारा ना एकदा," मी म्हणायची.

"काहून? मले डोकं नाई का?"

दोघा भावांचं बोलणं बंद होतं, धुऱ्यावरच्या एका बाभळीपायी. पण बाभूळ नुसतं निमित्त. दुसऱ्याचं पाहून करणं म्हणजे चोरी, हे ह्या माणसाच्या मनात शाळेपासून बसलेलं. परीक्षेत ठीक आहे हो, वावरात पेपर तपासायला कोण येतं? मी ह्या घरात आले तेव्हा जावेला विचारून इथली चूल समजून घेतली. विस्तव काय मी नव्यानं शोधायचा होता? असा संताप यायचा की भाकरीऐवजी परातच बडवावी.

यंदा त्यानं जाहीर करून टाकलं, "ह्या साली पिकलं नाई तं हे वावर मक्त्यानं देऊन टाकतो." म्हणजे पिकवणार दुसरा आणि आम्ही धुऱ्यावरून बघणार. ह्या वावराचं तण मी माझ्या हातांनी काढलं आहे. माझा जीव आहे त्यात. मला कुणी विचारलंही नाही.

पेरणीच्या तोंडावर मी रिसोडहून बियाणं घेऊन जीपनं परत येत होते. समोरच्या सीटवर तोच चुलत दीर. म्हटलं, अबोला त्यांचा आहे, माझा नाही.

"भाऊजी, ते सरीचं तुमाले सुचलं कसं?"

तो हसला. "मले कायचं सुचते वयनी! सरी पाडाले पेरणीयंत्राले फाळ कसे बसवाचे ते रिठद गावाले एकाच्या वावरात पाह्यलं. अन त्याच्या आंधी काकाची हळद पाह्यली होती. त्या सालच्या पावसात साऱ्याइचं सडलं, काकाचे वरंबे तेवढे उभे होते. मी सोयाबीनले तेच केलं. पयल्या वर्सी सरी उथळ पडली, पाणी तुंबलं. मंग खोल केली."

काका म्हणजे माझे सासरे. ते हळद वरंब्यावर लावायचे. ते गेले, नवऱ्यानं हळद बंद केली आणि वरंबे नांगरून सपाट केले. आमच्याच घरातली गोष्ट धुरा ओलांडून गेली, तिकडे सुधारली, वाढली, आणि इकडे आम्ही कुदळ घेऊन पावसात! जीपमध्ये हसावं की रडावं कळेना.

घरी आल्या आल्या सगळं सांगितलं. नवऱ्यानं बियाण्याची पिशवी भिंतीला लावून ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे बाबाचंच हाय ते. मंग आपलंच झालं!" आणि दुपट्टा खांद्यावर टाकून फाळ बसवून आणायला निघाला. इतक्या वर्षांचं गेलेलं पीक त्या एका वाक्यात मिटलं. फाळ बसत होते म्हणून मी तो राग परातीतल्या पिठावर काढला.

यंदा पाणी सरीतून गेलं. शेंगा धरल्या. मक्त्याचा विषय परत निघाला नाही.

परवा आम्ही दोघं वावरात होतो. गावातलाच एक शेतकरी धुऱ्यावर थांबून वाकून बघत होता. त्याचंही वावर चिबडतं. "सरी किती खोल घेतली भाऊ?" त्यानं विचारलं.

नवऱ्यानं छाती काढली. "ज्यानं त्यानं आपल्या डोक्यानं करा लागते."

माझं टाळकंच सरकलं. हातातलं खुरपं तिथंच टाकलं आणि त्या माणसाला आत बोलावून सरीत उतरवलं.

"या भाऊ, मोजून घ्या. चांगली वीतभर. उथळ घेऊ नका, ते चूक आमच्या भाऊजीनं करून ठेवली हाय. तुमाले कराची गरज नाई."