एक पाय मी, दुसरा तुझा तू

"आदी आंगूळ, मग रडनं."

हे वाक्य मावशी कधी मागं वळून म्हणत नसत. तोंड बंबाकडं, हातात फुंकणी, डोळ्यांत धूर. मागं कुणीतरी मुलगी नाक ओढत उभी आहे एवढं त्यांना आवाजावरून कळायचं. कोण आहे, का रडते, घरून पत्र आलं म्हणून की आलं नाही म्हणून, ही चौकशी नंतर. आधी बादली पुढं सरकव. "पारोशी रडलीस तर दिसभर रडत बसशील. आंगूळ करून रडलं म्हंजी रडू लौकर आटपतं."

पुढं मी जन्मभर मास्तरकी केली. मुलांच्या मनाविषयी जाडजाड पुस्तकं वाचावी लागली, परीक्षेपुरती वाचलीही. पण रडणाऱ्या पोरीला काय सांगावं याचं इतकं धड उत्तर मला एकाही पुस्तकात मिळालं नाही.

लढाईचे दिवस होते. मास्तरीण व्हायला साताऱ्यात आलेल्या आम्हा चाळीस मुलींचं एक वसतिगृह होतं आणि तिथल्या न्हाणीघरापुढं तांब्याचा एक मोठा बंब होता. बंब म्हणजे मावशी आणि मावशी म्हणजे बंब. पहाटे उठून त्या भुईमुगाची टरफलं आणि गोवऱ्या घालून तो पेटवत आणि मग त्याच्यापुढून हलत नसत. हलून चालतही नाही. खालून जेवढं ऊन पाणी काढाल तेवढं गार पाणी वरून ओतावं लागतं. आत जाळ आणि बंब कोरडा असं झालं की त्याचे सांधे उकलतात, मग तो कवडीचा राहत नाही. लढाईत तांबं मिळत नव्हतं, तेव्हा रेक्टरबाईंचा त्या बंबावर आमच्यापेक्षा जास्त जीव होता.

मावशी महाबळेश्वराच्या खालच्या अंगाच्या कुठल्याशा गावच्या. "आमच्याकडं चार म्हैनं ऊन दिसत न्हाई," त्या सांगत. "लुगडं निखाऱ्यावर वाळवायचं. अंगावर ऊन पानी पडलं तर देव भेटला समजायचा." म्हणूनच असेल, ऊन पाणी ही चैन आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. औषध वाटायचं, आणि औषध देताना हात आखडायचा नाही. माणशी दोन बादल्यांचा नियम होता. ज्या मुलीचा चेहरा उतरलेला तिला तिसरी मिळे, आणि वर दम मिळे की कुणाला सांगू नको.

बादली कशी उचलली यावरून त्यांना माणूस कळायचा. जिची हिंदकळते तिचं ध्यान घरी. जी नको तितकी जपून नेते ती भ्यालेली. आमच्यातली एक वाईची मुलगी, ठरलेलं लग्न मोडलं म्हणून तीन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. रेक्टरबाई समजावून थकल्या, मैत्रिणी थकल्या. चौथ्या दिवशी मावशी बादली घेऊन तिच्या दारात बसल्या आणि शिकेकाई कुटायला लागल्या. बोलल्या काही नाहीत. अर्धा तास खलबत्ता ऐकल्यावर ती पोरगीच बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, डोकं उठलं माझं." मावशी म्हणाल्या, "मग धू की." तिनं धुतलं. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. समजूत घालण्याच्या भानगडीत ती पडत नाहीत.

माझी गोष्ट जरा अवघड होती. मी पलूसकडच्या एका खेड्यातली. चौदाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी केली आणि मला माहेरी आणून सोडलं. माझा थोरला भाऊ फौजेत. तो रजेवर आला, त्यानं मला पाहिलं, आणि कुणाला न विचारता ट्रेनिंगमध्ये नाव घातलं. "दुसऱ्याच्या दारात बसायचं न्हाई," एवढंच म्हणाला आणि समुद्रापलीकडं लढाईवर गेला. हे ट्रेनिंग पुरं झालं तर मला नोकरी होती, पगार होता, दाराला स्वतःची कडी होती. नाही झालं तर भावजयीच्या चुलीमागची जागा. मधलं काही नव्हतं.

एवढं सगळं ठाऊक असून माझा पाय एका जागी ठरत नसे. भावाचं पत्र आलं की आठ दिवस बरे जात. मग पुन्हा तेच. मी व्हरांड्यात फेऱ्या मारायची, नखं कुरतडायची, वाचायला बसले की एकच ओळ सात वेळा वाचायची. आजही बसवत नाही मला एका जागी, हे लिहितानाही दोनदा उठून आले.

"तुज्या पायाला भिंगरी हाय," मावशी एका संध्याकाळी म्हणाल्या. "बस हितं. पाय दे."

त्यांनी कनवटीची काशाची वाटी काढली, माझ्या तळपायाला थेंबभर तूप लावलं आणि वाटीच्या बुडानं घासायला लागल्या. थोड्या वेळानं पाय काळाकुट्ट झाला. "बगितलास? ही सगळी उष्णता. डोस्क्यात चढली व्हती." खरंखोटं देव जाणे, पण माझे डोळे मिटायला लागले. त्या पायाला कुणी हात लावून किती वर्षं झाली होती. मला रडू आलं, आणि आंघोळ तर सकाळीच झालेली, त्यामुळे त्यांना हरकत घेता येईना.

एक पाय झाल्यावर त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "एक पाय मी, दुसरा तुजा तू."

"घासा की मावशी."

"न्हाई. तुज्या सासरी का मी येनार हाय पाय घासाय?"

मी वाटी घेतली. माझं सासर सुटलेलं त्यांना ठाऊक नव्हतं. कुणीतरी नंतर सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच वाटी हातात देताना त्या म्हणाल्या, "नोकरीच्या गावाला का मी येनार हाय?" आणि लगेच दुसरीकडं बघून चुलीवर काहीतरी करपतंय म्हणून ओरडल्या. चुलीवर काही नव्हतं.

तेव्हापासून दिवेलागणीला हा आमचा नेम झाला. डावा पाय त्या, उजवा मी. मग हातपाय धुवायचे, वेणी सोडून पुन्हा घालायची, तांब्याभर पाणी उशाशी आणून ठेवायचं, आणि पुस्तक. परवचा म्हणावा तसं मी ते रोज करू लागले. ओळी एका वाचनात कळू लागल्या. पहिल्या वर्षाला बऱ्यापैकी गुण पडले.

दुसऱ्या वर्षी भावाची पत्रं थांबली. एक महिना, दोन, तीन. आमची शेवटची पाठपरीक्षा सोमवारी होती. शाळेतल्या खऱ्या वर्गाला तपासनिसांसमोर शिकवून दाखवायचं, तिथं नापास तर सगळंच नापास. आदल्या शनिवारी आमच्या भागातली एक मुलगी गावाहून परतली आणि जेवताना सहज बोलून गेली, शेजारच्या गावची तीन पोरं लढाईत खपली म्हणे, तारा आल्या. नावं तिला ठाऊक नव्हती. मी पानावरून उठले. काशाची वाटी हातात घेतली तीसुद्धा पाय न घासता ठेवून दिली.

रविवार म्हणजे न्हाण्याचा दिवस. केस धुवायचे म्हणून बंब दुपारपर्यंत पेटता. मी रांगेत बादली लावली आणि बोचकं घेऊन मागल्या दारानं निघाले, ती थेट मोटारस्टँडवर. परवानगीवाचून बाहेर गेलेल्या मुलीचं नाव त्याच दिवशी कमी होई, हे चाळीसजणींना पाठ होतं. मलाही होतं. पण घरी जायचं, दादाची खबर काढायची, याखेरीज डोक्यात काहीच शिरत नव्हतं.

पेट्रोलाचा दुष्काळ होता म्हणून मोटारी कोळशावर चालत. मागं कोळशाची भट्टी बांधलेली, क्लीनर पंखा फिरवून ती पेटवायचा आणि घटकाघटका मोटार सुरू होत नसे. मी आत जाऊन बसले होते. खिडकीशी मावशी येऊन उभ्या राहिल्या. धापा टाकत होत्या, डोक्यावरचा पदर घसरलेला.

"तुजी बादली रांगंत, आन् तू न्हाईस," त्या म्हणाल्या. "उतर."

"मला जायाचं हाय मावशी. दादाचं काय झालं बगायचंय." ट्रेनिंगनं माझ्या 'हाय'चं कधीच 'आहे' केलं होतं. त्या दिवशी सगळं परत आलं.

"घरी कुनाला ठावं हाय?"

"तार आली आसंल."

"आली आसंल तर आलीच. तू जाऊन ती माघारी धाडनार हायस व्हय? आन् नसंल आली, तर उद्या नापास व्हऊन त्येला काय तोंड दावशील?"

त्यांनी पदराच्या गाठीतून भाकरीचा तुकडा आणि गूळ काढला. "काल रातच्यापास्नं उपाशी हायस. खा आदी. खाऊन बी जावंसं वाटलं तर जा, मी आडवत न्हाई."

मी खाल्लं. खाता खाता हुंदके येत होते आणि गूळ गोड लागत होता, याची लाजही वाटत होती. शेवटचा घास गिळेपर्यंत माझं मला कळलं की मी उतरणार आहे. मी उतरले. मागं क्लीनर घामाघूम होऊन पंखा फिरवत होता, भट्टीतून नुसता धूर. मला हसवावं म्हणून मावशी म्हणाल्या, "ह्येचा बी बंब पेटंना, बग."

आणि बोलता बोलता थांबल्या. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले.

"माजा बंब," त्या म्हणाल्या.

कुणाला सांगितलं तर माझं पळणं उघड होईल, म्हणून त्या कुणालाही न सांगता बंब सोडून आल्या होत्या. तिकडं चाळीस मुलींचं केस धुणं चाललेलं. पाणी काढणाऱ्या चाळीस, ओतणारं कुणी नाही.

आम्ही जवळजवळ पळतच आलो. कोपऱ्यावर त्यांनी मला थांबवलं. "तू मागल्या दारानं जा. बोचकं टाक खोलीत आन् रांगंत उबी ऱ्हा. केस मोकळं सोड."

मी तसंच केलं. अंगणात गर्दी जमली होती. बंबाचा खालचा सांधा उकलून एका बाजूला वाकला होता आणि विझलेल्या राखेचा वास सुटला होता. रेक्टरबाईंनी मावशींना गाठलं.

"कुठं होतात तुम्ही?"

"डोळा लागला, बाई," मावशी म्हणाल्या. "हितंच मागल्या भितीला टेकले व्हते."

ज्या बाईचा भर दुपारी कधी डोळा लागला नाही, तिनं हे सांगितलं आणि रेक्टरबाईंना ते खरं वाटलं. मी पंधरा पावलांवर केस मोकळे सोडून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले असते तर माझं नाव त्या संध्याकाळी कमी झालं असतं. मी बोलले नाही. उद्या सकाळी सामान घेऊन निघा, असं रेक्टरबाईंनी त्यांना सांगितलं, तेही मी ऐकलं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरामागं त्यांच्या खोलीवर गेले. मी बाईंना सांगते म्हणाले. त्या बोचकं बांधत होत्या. "सांगून बंब नीट व्हनार हाय का? मला पाटी उचलायची कामं आसत्यात, कुटंबी मिळंल. तुला दुसरं कुटं मिळंल ते सांग." मला उत्तर नव्हतं. खरं म्हणजे उत्तर नसल्याचा मला आनंद झाला, आणि तो मी आजवर विसरले नाही.

मी पास झाले. तिसऱ्या आठवड्यात दादाचं पत्र आलं. टपालाची बोट रखडली होती, तो ठणठणीत होता. लढाई संपल्यावर तो घरी आला तेव्हा मी नोकरीला लागले होते आणि माझ्या दाराला माझी कडी होती. पहिल्या सुट्टीत मी मावशींना शोधायला निघाले. वाईहून पुढं दोन गावं पालथी घातली. लोक विचारत, नाव काय बाईंचं? तेव्हा ध्यानात आलं, दोन वर्षांत चाळीसजणींपैकी एकीनंही त्यांचं नाव विचारलं नव्हतं. बंबाच्या मावशी, असं मी सांगितलं की लोक हसत. "आवं मास्तरीणबाई, बंब कुनाच्या घरात न्हाई हितं." मी परत आले.

इथवर मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. सोमवार सकाळचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

परीक्षेचा दिवस आणि पाणी गार. न्हाणीघरापुढं रांग लागलेली, सगळ्या कुडकुडत, सगळ्या मावशींच्या नावानं बोटं मोडत. कुणीतरी म्हणालं, काल मावशी कुठं गेली होती गं मध्येच, कुणी पाहिलंय का? दोघीतिघींनी माझ्याकडं पाहिलं. निदान मला तसं वाटलं. मी सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाले, "जाणार कुठं, झोपली होती. झोपा काढायला ठेवलं होतं का बाईला?"

पोरी हसल्या. तेव्हा मला दिसलं, मागल्या दाराशी काखेत बोचकं घेऊन मावशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूच मान डोलावली, वर्गात पोरीनं बरोबर उत्तर दिल्यावर आपण डोलावतो तशी. मग बोचकं दुसऱ्या काखेत घेतलं, आणि दार ओढून घेऊन त्या गेल्या.