पोटाविना पंगत

माझ्या आजोबांचं पोट नागपूरच्या डॉक्टरांनी उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. तेव्हा पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन बहुधा एवढंच असे. दीड महिन्यात आजोबा गेले. बऱ्याच वर्षांनी, सत्तरच्या दशकात, तीच गाठ काकांना निघाली. या वेळी डॉक्टरांनी जवळजवळ सगळं जठर काढून उरलेला तुकडा आतड्याला जोडला, आणि काका कामरगावच्या स्टँडवर आपल्या पायांनी एसटीतून उतरले.

निघताना डॉक्टरांनी काकूला बजावलं होतं: थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, गोड तर नाहीच. गोड एकदम आतड्यात उतरलं की माणूस घामाघूम होऊन पडतो. वांग्याच्या मळ्यात राबणाऱ्या काकूला हे एकदा सांगून कळलं. गावचे पुढारी शिकलेले होते, त्यामुळे त्यांना समजावणं अवघड गेलं.

पुढारी सोसायटीपासून शाळेपर्यंत सगळीकडे अध्यक्ष. काका वाचले यात त्यांचा वाटा एका चिठ्ठीचा. ती त्यांनी डॉक्टरांच्या नावे दिली होती आणि काकूच्या पिशवीतच राहिली होती. तेवढ्यावर त्यांनी काकांचा सत्कार ठरवला. मांडव, फेटा, विज्ञानाच्या प्रगतीवर पाऊण तास भाषण, मग पंगत. सत्कारमूर्तीला यजमानाने आपल्या हाताने लाडू भरवायचा, अशी आमच्याकडे रीत. नाही म्हटलं तर यजमानाचा अपमान.

काकांनी हात जोडले.

"काहून नाही म्हणून राह्यले भाऊ?" पुढारी म्हणाले. "एवढं पोट कापून घेतलं, अन् एक लाडू गिळता येत नाही?"

पंगत हसली.

"पोट नागपूरले ठेवून आले ते," काकू वाढप्यांमधून पुढे येत म्हणाली. "लाडू कुठं ठेवतीन?"

"वहिनी, शुभ कामात आडवं नका येऊ."

काका भिडस्त. त्यांनी खाल्ला. अध्यक्षांचा खाल्ला म्हणून उपाध्यक्षांनी दुसरा भरवला. तिसऱ्याच्या वेळी फोटोवाल्याचा फ्लॅश पेटला नाही, म्हणून चौथा. थोड्याच वेळात काका पांढरेफटक पडले, घामाने फेटा भिजला आणि ते शेजाऱ्याच्या पत्रावळीवर कोसळले.

"गहिवरले," पुढारी म्हणाले.

काका वाचले. गावाने निकाल दिला की ऑपरेशन फसलं. लाडवांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर काकूने त्यांना एकाही पंगतीला जाऊ दिलं नाही. दर दोन-तीन तासांनी ती चतकोर भाकर आणि वाटीभर वरण घेऊन मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी असायची. असे ते चार वर्षं जगले; मग आजार यकृतात परतला. आता दुर्बीण घालून गाठ लवकर सापडते, ऑपरेशनच्या आधी-नंतर औषधं देतात, काहींचं तर बोटभर छिद्रांतून भागतं. जठर नसलेली, कितीतरी वर्षं जगलेली माणसं मला भेटतात. लाडू भरवणारे त्यांनाही भेटतात. त्या शाखेत प्रगती नाही.

वर्षश्राद्धाला पुढारी आले आणि काकांना जगवण्यासाठी आपण काय काय केलं ते पानावर बसून सांगू लागले. काकू लाडवांची परात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"घ्या भाऊजी. नाही म्हणू नये."

ते बोलत राहिले, ती वाढत राहिली. सातव्या लाडवाला त्यांनी हात जोडले.

"काहून?" काकू म्हणाली. "तुमचं तं पोट जाग्यावर हाय न." आणि आठवा वाढला.