शिळं पाणी

सरकारी कागदांत काहीही लिहिलेलं असो, वाशीतली आमची बिल्डिंग वसवली ती वरच्या काकांनी आणि त्यांच्या सहा माशांनी, असं माझं ठाम मत आहे. ऐंशी सालाच्या मागेपुढे आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा सोळा ब्लॉकांत पाच बिऱ्हाडं होती, बाकीच्यांत कबुतरं. काका आमच्या थेट डोक्यावर राहायचे, एकटेच. तुर्भ्याच्या एका कारखान्यात हेडक्लार्क. हॉलमध्ये खुर्च्या दोन, आणि ट्रंकेएवढी काचेची टाकी. तीत बोटाच्या पेराएवढे सहा निऑन मासे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. हे मासे घोळक्यानेच जगतात. एकटा पडला की रंग उडतो, खाणं सोडतो, दगडामागे जाऊन बसतो. "सहाच्या खाली त्यांना घर वाटत नाही," असं काका सांगायचे आणि तोच नियम बिल्डिंगला लावून सहाव्या बिऱ्हाडाची वाट बघायचे. खाली सामानाचा टेम्पो किंवा ब्लॉक बघायला आलेलं कुणी दिसलं की हे चहाची किटली घेऊन हजर. चहात वेलची असे, पण त्याच खलबत्त्यात माशांचं खाणं कुटलेलं असल्यामुळे बघायला आलेल्या बिऱ्हाडाचं वाशीबद्दलचं पहिलं मत जरा विचित्रच होत असे.

त्यांचा सगळा जीव एका बादलीत. नळाच्या पाण्यातलं, माशांना बाधणारं औषध उडून जावं म्हणून ते दिवसभर उघडं ठेवायचं आणि मग त्यातलं दोन तांबे पाणी टाकीत घालायचं. बादलीजवळ कुणी शिंकलं तरी काकांच्या कपाळाला आठ्या पडत.

माझ्या बायकोला, शैलाला, मात्र वाशी मानवत नव्हती. परळच्या चाळीत वाढलेली ती. दुपारभर दाराबाहेर माणसाचा आवाज नाही, ह्याला घर म्हणायला ती तयार नव्हती. दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर परत जाते, असं तिने मला बजावलं होतं. हे कळल्यापासून काकांचा चेहरा उतरला होता. पाचाची चार होणार होती ना.

अशात भाऊ आजारी पडला म्हणून काका चिपळूणला गेले. किल्ली शैलाकडे. रोज बादलीतलं दोन तांबे पाणी घाला, एवढंच तिला सांगितलं. का, ते जगाला दहादा सांगून झालं होतं, तिला सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शैला वर गेली तर बादलीत कालचं पाणी. आमच्याकडे शिळं पाणी सकाळी तुळशीत जातं. तिने बादली घासली, नळाचं ताजं पाणी भरलं, आणि टाकीतलं तर किती दिवसांचं असेल म्हणून मायेने तेही निम्मं बदललं. दुपारी चार मासे उलटे तरंगत होते.

संध्याकाळी मी आलो तेव्हा ती टाकीसमोर बसून रडत होती. उरलेले दोघे दगडामागे होते, पार फिके पडलेले. "बघ कसे बसलेत," ती म्हणाली, "अगदी माझ्यासारखे." पाण्यातल्या औषधाचं मी तिला तेव्हा कुठे सांगितलं.

सकाळी ती बसने मुंबईला गेली. ही आता माहेरी राहते, ह्या खात्रीने मी ऑफिसात दिवस काढला. घरी आलो तर दाराला कुलूप, आणि वरून बायकांचे आवाज. शैलाने मुंबईहून पाण्याच्या पिशवीत, पदराखाली धरून चार मासे आणले होते. जाण्याआधी बादली भरून ठेवली होती, पाणी शिळं व्हायला. आता बाकी तिन्ही घरांतल्या बायकांना जमवून ती त्यांना पाण्यातल्या औषधाबद्दल सांगत होती.

काका परतले आणि टाकीपुढे वाकून बराच वेळ बघत राहिले. काही बोलायच्या आधीच शैलाच्या डोळ्यांत पाणी.

"ह्यातले चार नवीन दिसतायत," काका म्हणाले. "असू दे, वहिनी. इथं जुनं कोण आहे?" आणि लगेच, "दिवाळीनंतर आहात ना तुम्ही?"

शैलाने रिकामी बादली उचलली आणि नळाकडे गेली.

पुढे सोळाही ब्लॉक भरले. काका रिटायर होऊन चिपळूणला गेले, टाकी आमच्याकडे आली. घरातलं शिळं पाणी अजूनही तुळशीत जातं, एक बादली सोडून. खाली सामानाचा टेम्पो आला की शैला किटली घेऊन उतरते. वेलची ती वेगळ्या खलबत्त्यात कुटते, त्यामुळे चहा फक्कड होतो. मला मात्र काकांचाच आवडायचा.